आकडा, कोडे आणि सोबती

जुगार हे एकट्या माणसाचे व्यसन आहे अशी आपली सर्वमान्य समजूत आहे. मुलाला हाव सुटली, त्याचे मन कच्चे होते, तो बिघडला, असे म्हणून आपण विषय मिटवतो. कॉलेजातल्या मुलांच्या जुगाराविषयी गेल्या काही वर्षांत जे बोलले आणि छापले गेले, त्यातही सूर बहुधा हाच होता. या समजुतीविरुद्ध आम्हांला काही मांडायचे आहे, आणि ते इतिहासाच्या आधाराने मांडायचे आहे. मानसशास्त्र आम्ही शिकलेलो नाही. इतिहासही शाळेत जेवढा शिकलो त्याहून अधिक गिरणीच्या दारात आणि संघटनेच्या ग्रंथालयात शिकलो.

कामगार संघटनेच्या माणसाने विद्यार्थ्यांविषयी का बोलावे, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. आज आमच्या सभासदांची मुले कॉलेजात आहेत. बापाने तीन पाळ्यांत आयुष्य काढले ते मुलाला पदवी मिळावी म्हणून. तो मुलगा पैसे हरतो तेव्हा देणेकरी बापाच्या दारात येतात, आणि बाप भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढण्याचा अर्ज भरून घ्यायला आमच्याकडे येतो. अर्जात कारण आजारपणाचे असते. दोन-तीन प्रश्न विचारले की माणूस खाली बघू लागतो. अशा बापांना, आणि भेटली तेव्हा त्यांच्या मुलांनाही, आम्ही एकच प्रश्न विचारीत आलो : पहिला डाव कोणी लावायला शिकवला? ‘कोणी नाही, माझा मीच’ असे उत्तर आम्हांला अजून मिळालेले नाही. खोलीतला सोबती, आतेभाऊ, मेसमध्ये भेटणारा वरच्या वर्गातला मुलगा, असे कोणाचे तरी नाव निघतेच.

हे आजचेच आहे असे नाही. महाभारतातला द्यूताचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण युधिष्ठिर त्या सभेत आला कसा, इकडे आपले लक्ष जात नाही. धृतराष्ट्राचे बोलावणे घेऊन विदुर गेला होता. म्हणजे घरातल्या वडील माणसाचा निरोप घरातल्या सर्वांत शहाण्या माणसाने पोचवला. आव्हान आले तर मागे फिरायचे नाही, हा युधिष्ठिराचा नेम. समोर पैसा लावणारा दुर्योधन, आणि त्याच्या वतीने फासे टाकणारा मामा. वडिलांचे आमंत्रण, बरोबरीच्यांसमोर मान जाण्याची भीती आणि मधला माणूस, ही सामग्री तेव्हापासूनची आहे. पुढे वनवासात बृहदश्व ऋषींनी युधिष्ठिराला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, शिकवली आणि त्या विद्येच्या बळावर तो विराटाच्या दरबारी कंक होऊन राहिला. विद्या आली ती राज्य गेल्यावर. कौटिल्य या बाबतीत अधिक व्यवहारी. त्याने जुगारावर देखरेख करणारा द्यूताध्यक्षच नेमायला सांगितला आणि जिंकलेल्या रकमेतले शेकडा पाच सरकारात घ्यायला सांगितले. सरकारचा हा वाटा आपल्याला पुढे पुन्हा भेटेल.

आता मुंबईकडे येऊ. आपल्या प्रांतात जुगाराला जी जी रूपे आली ती आधी मुंबईत आली आणि मग रेल्वेने आपल्या गावांत उतरली. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. त्याच्या आवारातला राजाबाई टॉवर आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. अमेरिकेत १८६१ साली यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर शेअरांचा असा सट्टा माजला की समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचे कागद मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकले जाऊ लागले. या बाजाराचा राजा प्रेमचंद रायचंद. त्याने १८६४ साली विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्याच्या आईचे, राजाबाईचे, नाव दिले गेले. कलकत्ता विद्यापीठालाही त्याची मोठी देणगी गेली आणि तिकडे त्याच्या नावाची शिष्यवृत्ती हा विद्यार्थ्यांचा मोठा मान ठरला. यादवी संपली, कापूस उतरला आणि १ जुलै १८६५ रोजी मुंबईचा बाजार कोसळला. प्रेमचंद स्वतः बुडाला. मनोरा मात्र १८७८ साली पुरा झाला आणि उभा आहे. देणगीदाराविषयी आमच्या मनात अनादर नाही. पुस्तकांसाठी पैसे देणाऱ्याला आम्ही नमस्कारच करू. तथापि ज्या शहरात विद्येचा सर्वांत उंच मनोरा सट्ट्याच्या पैशाने उभा राहिला, तिथे विद्यार्थ्याने सट्टा म्हणजे काहीतरी परके पाप आहे असे मानावे, ही अपेक्षा थोडी अवघड आहे.

कायद्याची गंमत तर त्याहून मोठी. १८७२ च्या कराराच्या कायद्याने पैजेचा करार रद्दबातल ठरवला, पण घोड्यांच्या शर्यतीतल्या पाचशे रुपये वा त्याहून मोठ्या बक्षिसासाठी दिलेली वर्गणी वगळली. १८८७ साली मुंबई इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा झाला. तेव्हा मुंबईत पावसावर पैजा लागत. ठरलेल्या वेळात इतका पाऊस पडेल का, की अमक्या छपराच्या पन्हळीतून पाणी वाहील, एवढ्यावर हजारोंची उलाढाल होई. छप्पर आणि पन्हळ ही जुगाराची साधने म्हणता येतात का, असा प्रश्न न्यायालयात निघाला आणि अखेर १८९० साली या एका खेळासाठी कायदा दुरुस्त करावा लागला. पाऊस असा बंदिस्त झाला. महालक्ष्मीला १८८३ पासून शर्यतीचे मैदान होते. तिथल्या आवारात, शर्यतीच्या दिवशी लावलेली पैज कायद्याच्या कचाट्यातून सुटत राहिली. मैदानाच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला गिरण्या. साहेब आणि शेठ आत पैसे लावीत ती शर्यत, आणि भिंतीबाहेरचा कामगार आकडा लावी तो गुन्हा, हे आमच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. १८८७ च्या कायद्यात आणखी एक वाक्य आहे, त्यावर आपल्याला पुढे बोलायचे आहे : निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही.

आकडा म्हणजे काय, ते तरुण श्रोत्यांसाठी सांगतो. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातला उघडताचा आणि बंद होतानाचा भाव तारेने मुंबईला येई. त्या भावाच्या आकड्यावर लोक पैज लावीत. कापसाशी पैज लावणाऱ्याचा संबंध म्हणाल तर तो दिवसभर साच्यावर तोच कापूस कातून आलेला असे. न्यूयॉर्कच्या बाजाराने ही पद्धत १९६१ साली बंद केली. तेव्हा वरळीच्या कल्याणजी भगतने १९६२ मध्ये आकडा आपणच काढायला सुरुवात केली, आणि १९६४ मध्ये रतन खत्रीने आपला स्वतंत्र न्यू वरळी मटका काढला. आधी मडक्यातून चिठ्ठ्या निघत, पुढे पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा तो ‘ओपन’. रात्री नऊला ओपन, मध्यरात्री क्लोज. दोन्ही मिळून जोडी. एका आकड्याला साधारण नऊपट पैसे मिळत. आता दहा आकड्यांतला एक निघणार आणि मिळणार नऊपट. म्हणजे रुपयामागे दहा पैसे खेळवणाऱ्याचे, आणि तेही रोज. हा हिशेब न समजणारा कामगार आम्हांला क्वचितच भेटला. समजूनही तो लावी, कारण बदली कामगाराला उद्या काम मिळेल की नाही याचा भाव याहून वाईट होता. गिरणीच्या दारात पहाटे उभे राहून जॉबरने आपल्याकडे बोट करण्याची वाट पाहणाऱ्या माणसाला नशीब या गोष्टीचे फारसे नवल वाटत नाही.

परंतु आमचा मुद्दा मटक्याच्या व्यवस्थेचा आहे. खत्री कोणाच्या घरी आला नाही. घरी येई तो नाक्यावरचा पानवाला किंवा चाळीतलाच एखादा ‘लिहिणारा’. तो चिठ्ठीवर आकडा लिहून घेई, पैसे नसले तर पगारापर्यंत थांबे, आणि जमवलेल्या रकमेवर त्याला दलाली मिळे. लोक खत्रीवर विश्वास ठेवीत असे म्हणतात. आमच्या मते त्यांचा खरा विश्वास या लिहिणाऱ्यावर होता. तो आजारपणात धावून येणारा, मुलाच्या बारशाला पेढे खाणारा माणूस होता. चिठ्ठ्या पोचवायला पोरे लागत, आणि ज्याला आकडे नीट वाचता-लिहिता येत तो शाळकरी पोरगा या कामाला पसंत पडे. गणपतीच्या जागरणात रात्रभर पत्ते चालत, त्यात बाप-लेक एका फडात बसत आणि आई मधून मधून चहा पाठवी. त्याला कोणी जुगार म्हणत नसे. अशा वाटेने मुलगा तयार होई, आणि ती वाट घरातूनच जाई.

तथापि ज्या माणसांनी जुगार आणला त्याच माणसांच्या हाती त्याचा लगामही होता. चाळीत काही लपत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत हरलेला माणूस कसा लपणार? बायको पानवाल्याकडे जाऊन ‘यांचा आकडा उद्यापासून लिहायचा नाही’ असे सुनावून येई, आणि पानवाला काही दिवस तरी ऐके, कारण त्याला त्याच नाक्यावर बसायचे होते. खाणावळीचे पैसे थकले की खाणावळवाली बाई आधी चौकशी करी, आणि गावाकडून आलेल्या एकट्या पोराच्या बाबतीत तिचा निरोप पोस्टाच्या आधी गावी पोचे. भिशीचा हप्ता चुकला की चौघे विचारीत. संघटनेचा माणूस, तालमीतला वस्ताद, भजनी मंडळाचा बुवा, असे नाना लोक टोकायला होते. यांनी जुगार बंद पाडला असे आम्ही म्हणणार नाही. कित्येक संसार त्यांच्या डोळ्यांदेखत बुडाले. पण माणूस किती खोल गेला आहे हे चाळीत चारचौघांना ठाऊक असे, आणि बुडणाऱ्याला ओढायला कोणाचा तरी हात पोचण्याच्या अंतरावर असे.

शिकलेल्या घरांत आणि कॉलेजात मात्र हा लगाम कामी येईना, कारण तिथे जुगार दुसराच पोशाख घालून गेला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात बक्षिसांच्या शब्दकोड्यांची लाट आली होती. वडीलधाऱ्या मंडळींपैकी काहींना ती आठवत असेल. कूपन कापायचे, चौकोन भरायचे, प्रवेशफी धाडायची. हजारो रुपयांची बक्षिसे. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातून चमारबागवाला यांची इंग्रजी कोडी येत आणि मुंबई राज्यातून त्यांची प्रवेशपत्रे गोळा होत. पुष्कळ घरांत बापाला इंग्रजी बेताचे. तेव्हा चौकोन भरायचे काम कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे येई, असे आम्ही जुन्या मंडळींकडून ऐकले आहे. मुलाच्या शिक्षणाचा घराला झालेला हा पहिला उपयोग! बाप कौतुकाने शेजारी बसे, मुलगा शब्दकोश उघडी. पत्त्यांना हात लावला म्हणून ज्या घरात कानशिलात बसली असती, त्या घरात हे चाले, कारण ते बुद्धीचे काम होते.

बुद्धीचे किती होते, ते न्यायालयात बाहेर आले. मुंबई सरकारने १९४८ साली सोडती आणि बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा केला होता आणि १९५२ साली राज्याबाहेरच्या पत्रांतून चालणाऱ्या स्पर्धाही त्याखाली आणल्या. चमारबागवाला त्याविरुद्ध लढले. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कोड्यातल्या सूचनेला दोन-दोन शब्द सारखेच लागू पडत. त्यांतला आयोजकांनी आधी ठरवलेला शब्द तो बरोबर. म्हणजे शब्दकोश उघडून उपयोग नव्हता, आयोजकांच्या मनातले ओळखायचे होते. न्यायालयाने याला जुगार ठरवले, आणि सरन्यायाधीश दास यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारत-स्मृतींपर्यंत दाखले देऊन सांगितले की जुगाराला व्यापाराचे स्वातंत्र्य मागता येत नाही. केंद्र सरकारने १९५५ सालीच बक्षीस-स्पर्धांचा वेगळा कायदा करून महिन्याच्या बक्षिसांना हजार रुपयांची मर्यादा घातली होती. कोडी हळूहळू ओसरली. मात्र त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने हेही स्पष्ट केले की ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे ती स्पर्धा केंद्राच्या कायद्याच्या बाहेर राहील. १८८७ चे ते वाक्य असे पुन्हा वर आले. १९६८ मध्ये त्याच न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटले, १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला.

न्यायमूर्तींचे म्हणणे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. रमीत कौशल्य आहे. आमच्यातले काही जण ते दाखवून देतील. आमची शंका निराळी आहे. खेळात खरोखर कौशल्य असले तर कोण हरतो? नवखा हरतो. मटक्यात कालचा पोरगा आणि वीस वर्षांचा खेळाडू दोघेही सारखेच आंधळे. कौशल्याच्या खेळात तसे नाही. तिथे मुरलेल्याचे पोट नवख्यावर भरते. म्हणजे कायद्याने जे दार उघडे ठेवले ते नेमके विद्यार्थ्याला अधिक धोक्याचे, आणि त्यावरची पाटी मात्र त्याच्या अभिमानाला रुचणारी. ‘तू हुशार आहेस, तू हरणार नाहीस.’

हुशारीच्या बाबतीत एक उदाहरण आम्हांला फार बोधप्रद वाटते. इटलीत १५०१ साली जन्मलेला कार्दानो पाव्हिया आणि पाडुआ इथे वैद्यक शिकला. विद्यार्थी असतानाच जुगाराची कमाई हा त्याचा आधार झाला. फासे कसे पडतात याचे गणित मांडणाऱ्या पहिल्या माणसांत त्याचे नाव घेतात. ज्या संभाव्यतेच्या शास्त्रावर आज विम्याचा धंदा चालतो त्याचा आरंभ अशा फडांत झाला. त्याचे ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, १६६३ साली, छापले गेले. इतके ज्याला कळत होते तो पुढे घरातले सामान आणि बायकोचे दागिने हरून बसला, आणि फाशांचा नाद आपल्याला पंचवीसेक वर्षे होता असे त्याने स्वतःच लिहून ठेवले. गणित त्याला येत होते. उठता मात्र येत नव्हते.

पुन्हा आपल्याकडे येऊ. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मिटला असे कधी झालेच नाही. गिरण्या मात्र मिटल्या. त्याबरोबर मटक्याचे गिऱ्हाईक गेले आणि पुढे पोलिसांच्या कारवाईने त्याचे उरलेसुरले वैभवही गेले. पण आम्हांला मोलाची वाटते ती वेगळी हानी. चाळी रिकाम्या झाल्या, खाणावळी बंद पडल्या, तालमी ओस पडल्या. टोकणारी माणसे कल्याण-डोंबिवलीपासून कोकणापर्यंत पांगली. त्यांची मुले शिकली, आणि शिकायला परगावी खोल्या घेऊन राहू लागली. चौघे एका खोलीत, पण एकाचा रस्ता दुसऱ्याच्या रस्त्याला लागत नाही. घरून पैसे येतात ते फोनमध्ये, खर्च होतात ते फोनमधून. खाणावळवालीच्या जागी यंत्र आले, आणि यंत्राला तोंड नाही.

याच फोनवर क्रिकेटचे संघ लावण्याचा खेळ आला. प्रत्यक्ष सामन्यातल्या खेळाडूंतून आपले अकरा निवडायचे, फी भरायची, त्यांच्या धावा-बळींप्रमाणे आपल्याला गुण. यातला मोठा धंदा ड्रीम इलेव्हनचा. २०१७ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने आणि २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने या खेळाला कौशल्याचा खेळ म्हटले. २०२० सालच्या आयपीएलला या कंपनीने २२२ कोटी रुपये देऊन आपले नाव लावले. त्यानंतर हा खेळ गुपचूप खेळण्याचे कारणच उरले नाही. ज्या बापाने दिवाळीच्या तीन पत्तीवरून घर डोक्यावर घेतले असते तोच शेजाऱ्याला सांगू लागला की आमचा पोरगा क्रिकेटचे गणित छान मांडतो. शब्दकोड्यांच्या काळातला बाप साठ-सत्तर वर्षांनी पुन्हा मुलाच्या शेजारी येऊन बसला.

मुले या खेळात आली कशी, हे आम्ही त्यांच्याकडून समजून घेतले. जाहिरात सर्वांनीच पाहिली होती. पण जाहिरात पाहून कोणी पैसे भरले नव्हते. खोलीतल्या सोबत्याने एक दुवा धाडला, ‘यावरून ये, तुलाही मिळतील, मलाही मिळतील’ असे सांगितले, आणि एकोणपन्नास रुपयांचा पहिला डाव लागला. संघ-खेळ असो, रमी असो, रंग ओळखण्याचा फालतू खेळ असो, दुवा सर्वांकडे होता. हे ऐकल्यावर आम्हांला आमच्या नाक्यावरचा लिहिणारा आठवला. मटक्यात शंभर घरांमागे एक लिहिणारा असे आणि आपण दलाल आहोत हे त्याला ठाऊक असे. फोनवरच्या धंद्याने प्रत्येक सोबत्याला लिहिणारा केले आणि दलालीला मैत्रीची भेट म्हटले. ज्याने आणले त्याला पुढे हरलेल्याला टोकण्याचे तोंड राहत नाही. तोही त्यातच असतो. जिंकलेला आपला आकडा गटात सर्वांना दाखवतो. हरलेला फोन उलटा ठेवून झोपतो. चौघांच्या खोलीत तिघांना वाटत राहते की आपणच एकटे हरत आहोत. मग झटपट कर्ज देणारे दुसरे ॲप, आणि त्याची वसुली सुरू झाली की घरच्यांना फोन.

सरकारचा वाटा या साऱ्यातून सुटला नाही. महाराष्ट्राने १९६९ साली स्वतःची लॉटरी काढली. तिकीट विकणारा अपंग बंधू फाटकाशी बसे आणि सरकारी शिक्क्यामुळे त्या तिकिटाला घरात मान मिळे. ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन पैशाच्या खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के कर बसला. कौटिल्य पाचावर थांबला होता आणि तोही जिंकलेल्यातूनच घेत होता! अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि त्यात कौशल्य आणि दैव हा भेद बाजूला ठेवला. पैसे लावून खेळला जातो ना, एवढेच पाहायचे असे ठरले. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ त्याच महिन्यात थांबवले. कंपन्या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. दीडशे वर्षांच्या जवळ आलेले ते वाक्य निदान एका ठिकाणी खोडले गेले, याचे आम्ही स्वागत करतो. खेळणाऱ्या पोराला कायद्याने गुन्हेगार केले नाही याचे त्याहून अधिक.

परंतु १९६१ साली न्यूयॉर्कने आकडा बंद केला तेव्हा वर्षभरात वरळीत मडके आले होते, हेही विसरता येत नाही. मुले सांगतात की आता परदेशी खेळाचा परवलीचा शब्द व्हॉट्सॲपवर मिळतो, खाते उधारीवर चालते आणि हिशेब सोमवारी होतो. खाते उघडून देणारा बहुधा ओळखीचाच असतो. एका मुलाच्या बाबतीत तो त्याच्याच वर्गात बसणारा होता. लिहिणारा परत आला. त्याच्या समोरची खाणावळवाली अजून परत आलेली नाही.

तिची जागा कोणी घ्यायची, यावर आम्ही गेल्या वर्षी दोन वसतिगृहांतल्या मुलांशी बोललो. उपदेश केला असता तर ती उठून गेली असती. त्यांनीच एक गोष्ट ठरवली : ज्याचे मेसचे बिल तीन आठवडे थकेल त्याला त्याच्या शेजारच्या खोलीतल्या मुलाने जाऊन विचारायचे, रेक्टरकडे जायचे नाही. विचारायचे तेही फक्त ‘जेवलास का?’ एवढेच. पहिल्या महिन्यात चार नावे निघाली. एकाचे पैसे घरून उशिरा येणार होते. एकाचा बाप आजारी होता आणि तो शिकवण्या धरून पैसे घरी धाडीत होता. त्याचे बिल मुलांनी वर्गणी काढून भरले. तिसऱ्याने दोन संध्याकाळी टाळाटाळ करून तिसऱ्या दिवशी फोन काढून हिशेब दाखवला, आणि मुलांनी त्याच्या भावाला गावाहून बोलावून घेतले. चौथा अजून काही बोललेला नाही. जेवायला मात्र पंगतीला येतो.